कपाशीच्या गणितांची वही

मी एक जुनी, हाताने लिहिलेली गणिताची वही आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत माझा जन्म झाला. अभिमन गुरुजींनी शंभर कोरी पानं दोऱ्याने शिवली आणि निळ्या शाईने मला लिहिलं. कपाशीच्या ओळी, बाजरीची कणसं, विहिरीची खोली, अशी मुलांच्या रोजच्या पाहण्यातली गणितं माझ्यात होती. कुणाचं अडलं की गुरुजी म्हणायचे, "वही आणा रे." मित्रांनो, ते शब्द ऐकायला मला फार आवडे.

नव्वद सालाच्या सुमारास शाळेत चौथीचं नवं पुस्तक आलं. साऱ्या देशातल्या मुलांना सारखंच यावं, असं दिल्लीत ठरलं होतं म्हणे. त्याचं गुळगुळीत मुखपृष्ठ मुलं गालाला लावत, पानांचा वास घेत. माझ्या अंगावर खडूची धूळ आणि तेलकट बोटांचे डाग. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला. त्यात गुरुजींनी मला कपाटात ठेवलं आणि टेबलावरची माझी जागा त्याला दिली.

एके दिवशी त्यातलं गणित निघालं. एका पेटीत बारा शिंपले, तर सोळा पेट्यांत किती? गावातल्या हिलालभाऊंची यशोदा पाटीवर बारा आणि सोळा लिहून तिथेच अडली. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "गुरुजी, शिंपला म्हंजे काय शे?"

कपाटात मला केवढा आनंद झाला! पोरीच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलंच नाही. गुरुजींनी मला बाहेर काढलं. एका ओळीत बारा झाडं, अशा सोळा ओळी. यशोदाने भराभर एकशे ब्याण्णव लिहिलं. मग गुरुजींनी शिंपलाही समजावला, पण तो मी कानाआड केला.

पुढच्या महिन्यात तालुक्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं तेच गणित विचारलं. "साहेब, हाई ते कपाशीनं गणित शे," म्हणत यशोदाने उत्तर दिलं. साहेबांना नवल वाटलं. गुरुजींनी मला पुढे केलं. आता पुस्तकाची चांगली जिरली, असं मला वाटलं.

साहेबांनी माझं पानन्‌पान चाळलं. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे, गुरुजी. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेत कोन येतात. या वहीत कोन कुठे आहेत?"

ते नव्हते. गुरुजींनी मान खाली घातली. "माझ्याकडून राहिलं, साहेब."

यशोदाला त्या परीक्षेला धुळ्याला बसायचं होतं. माझ्यावर विसंबून ती गेली असती तर तिथे अडली असती.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उघडं ठेवलं आणि पुस्तकातले कोन माझ्या शेवटच्या सहा कोऱ्या पानांवर उतरवले. कपाशीची उभी ओळ आडव्या ओळीला छेदते, तिथे त्यांनी काटकोन दाखवला. माझ्या अंगावर त्या पुस्तकातलं लिहिलं जात होतं, आणि मला मुकाट्याने सोसावं लागत होतं.

यशोदाला शिष्यवृत्ती मिळाली. सत्कारात नव्या पुस्तकाची वाहवा झाली, माझं नाव कुणी काढलं नाही. पुढे गुरुजी निवृत्त झाले. आता मी जुन्या हजेरीपटांखाली पडून आहे. कडा कसरीने खाल्ल्या आहेत.

मित्रांनो, छापील पुस्तकं जपा. पण तुमच्यासाठी कुणी हाताने काही लिहिलं असेल, तर तेही रद्दीत टाकू नका. माझा हेवा अजून गेलेला नाही. तरी एक कबूल करते, माझी सगळ्यांत जास्त हाताळलेली पानं ती शेवटची सहाच आहेत.