मी हं म्हटल्याशिवाय

कॅमेऱ्यावर मी असले की बंदूकवाल्याला माझं ऐकावंच लागतं. हरण समोर येऊ दे, रायफल खांद्याला लागू दे, मी "हं" म्हटल्याशिवाय गोळी सुटत नाही. फोकस नसेल तर टीव्हीवर दाखवणार काय, डोंबल? शिकारीच्या शोमध्ये हा नियम असतो आणि मला तो फार आवडतो. त्याआधी मी कित्येक वर्षं इथे इंग्लंडात एजवेअरपासून लेस्टरपर्यंत मराठी लग्नं शूट केली. तिथे माझं कुत्रंही ऐकायचं नाही. मंगळसूत्र घालून झालं की हमखास कुणाची तरी आत्या पुढे यायची, "वीणा, नीट आलं नसेल तर परत घालायला लावू का?" मी म्हणायचे, घातलं ते घातलं, परत घालायचं ते नाटक. मग आत्याबाई फुगून बसायच्या.

कबीर हा माझ्या मैत्रिणीचा, वैजयंतीचा मुलगा. ब्रिस्टलमध्ये विमानांच्या पंखांवर काम करणारा इंजिनिअर, आणि सुट्टी मिळाली की हरणांच्या मागे. शिकारीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला. त्याचे यूट्यूबवरचे व्हिडिओ चालले, मग एका टीव्ही चॅनलने सहा भाग मागितले. तो थेट माझ्याकडे मिल्टन कीन्सला आला. "वीणामावशी, कॅमेरा तू कर. टायटलमध्ये तुझा नाव येणार. मोठी अक्षरं."

लग्नाच्या डीव्हीडीवर माझं नाव केटररच्या खाली यायचं. खोटं कशाला बोलू, मला ते टीव्हीवर बघायचं होतं. अगदी हावरटासारखं बघायचं होतं.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. गणपतीची आरती म्हणतेस आणि हरणं मारायला जातेस? मी त्यांना सांगितलं, बायांनो, या देशात हरणं उदंड झालीत, त्यांना खाणारा लांडगा केव्हाच संपलाय, जंगलात नवीन झाड उगवलं की ती ओरबाडून टाकतात. कुणीतरी त्यांची संख्या कमी करायलाच हवी. कबीर ते नीट करतो, एका गोळीत करतो आणि मांस वाया घालवत नाही. मी स्वतः त्याचं कालवण केलंय, मटणापेक्षा चांगलं लागतं. पाच भागांत आम्ही एकही गोष्ट खोटी दाखवली नव्हती. त्याचा नेम चुकला तोसुद्धा दाखवला. मला त्याचा अभिमान होता.

सहाव्या भागासाठी चॅनलला मोठा नर हवा होता, फॅलो जातीचा, हाताच्या पंजासारखी पसरट शिंगं असलेला. शेवटचा भाग दणक्यात झाला तर दुसरा सीझन. कबीर सुट्टी टाकून आठवडाभर माझ्याकडे राहिला. माझ्या हातची पिठलं-भाकरी खायचा आणि रोज संध्याकाळी शेतावर जायचा. शहराचे राउंडअबाउट, ते गोल चौक, संपले की पुढे ते शेत. तिथे जंगलाच्या कडेने क्लोव्हर आणि केल पेरलं होतं, हरणं चरायला बाहेर यावीत म्हणून. "मी येऊ का?" विचारलं की म्हणायचा, "नको मावशी, दोन माणसांचा वास येईल."

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं मचाणावर चढलो. सप्टेंबर संपत आला होता, ऊन तिरपं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म चॅनलला पोचवायची होती.

नर आला, आणि काय आला! रुंद छातीचा, अंगावर ठिपके, डोक्यावर ही एवढी शिंगं. मी घाई केली. लेन्स सरकवताना ट्रायपॉडचा पाय मचाणाच्या लोखंडी दांड्यावर आपटला आणि खणकन आवाज झाला.

संपलं, म्हटलं. जॅकेटची चेन ओढली तरी पळणारा प्राणी तो. पण हा पठ्ठ्या पळाला नाही. त्याने मान वर केली आणि सरळ आमच्याकडे चालत यायला लागला. गायी गोठ्याकडे येतात ना, तसा.

मी झूम केलं. डाव्या कानाला गोल भोक होतं, कडा ताज्या. बिल्ला काढल्याचं भोक.

"रेडी आहे, मावशी?" कबीर पुटपुटला. रायफल खांद्याला होती.

"कबीर, हे पाळलेलं आहे."

त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्यातच मला सगळं कळलं.

"कुठून आणलास?"

"एका डिअर पार्कमधून," तो रायफलीवरून नजर न हलवता म्हणाला. "ट्रेलरमध्ये घालून, गाडीच्या मागे. इट्स नॉट इल्लीगल, मावशी. ओनरने दिला. असं पण तो कल होणार होता, मारणारच होते त्याला. कोणाला कळणार?"

"आणि तू टीव्हीवर काय सांगणार?"

"दॅट आय वेटेड थ्री इयर्स फॉर हिम."

माझं डोकंच फिरलं. मरणार होता तर मरू दे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण माणसाला बघून जवळ येणाऱ्या जनावराला रानातला म्हणून मारायचं आणि तीन वर्षं पाठलाग केला म्हणून मिरवायचं, त्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात? मी कॅमेरा बंद केला.

"मावशी, प्लीज. लाइट जातोय."

"मी हं म्हणणार नाही."

"फाइन." त्याने खिशातून फोन काढला आणि रायफलच्या दुर्बिणीला अडकवायची क्लिप काढली. पोराने त्याचीही तयारी ठेवली होती. म्हणजे माझ्या होकाराची गरज नव्हतीच.

मग मी शिडीवरून खाली उतरायला लागले. कबीर वरून हाका मारत राहिला. पण मी खाली पाय टेकला तेव्हा वर बोल्ट उघडल्याचा आवाज आला. समोर माणूस असला की रायफल रिकामी करायची, इतकं तो विसरला नव्हता. मी चिखल तुडवत थेट नराजवळ जाऊन उभी राहिले. त्याने माझे हात हुंगले.

"काही नाहीये माझ्याकडे," मी त्याला म्हटलं. "मूर्खा, पळ की!"

तो कसला पळतोय. खाली मान घालून क्लोव्हर खायला लागला.

"मावशी, बाजूला हो!"

"नाही होत!"

"माझी सगळी करिअर आहे ही!"

"असू दे!"

सूर्यास्तानंतर तास उलटला की हरणावर गोळी चालवणं इथे बेकायदा आहे, हे मला त्यानेच शिकवलं होतं. तेवढा वेळ मी उभी राहणार होते. बूट भिजले, गुडघा ठणकायला लागला. नर दोन पावलं पुढे गेला की मीही पुढे जायचे. तिकडे कबीर मचाणावरून कधी ओरडत होता, कधी गयावया करत होता. शेवटी त्याने हुकमी पत्ता काढला.

"मग तुझा नाव काढतो मी! सगळ्या सहा भागातून!"

ते मला झोंबलं. त्या पाच भागांत माझं काम खरंच चांगलं होतं.

"काढ!" मी ओरडले. "नाव माझं आहे. ते कशाखाली लावायचं ते मी ठरवणार, तू नाही!"

तो तास सरला. झाडं काळी झाली, शिंगं दिसेनाशी झाली. मग कबीर उतरला. रिकामी रायफल पाठीला लावून माझ्याकडे यायला लागला, काहीतरी जहरी बोलायच्या तयारीने.

त्याला बोलायला मिळालंच नाही. नराने मान वर केली, मला सोडलं आणि चक्क दुडकत त्याच्याकडे गेला. त्याच्या कोटाच्या उजव्या खिशात त्याने नाक घातलं. कबीर हलला नाही. नराने परत ढुशी दिली, जरा जोरात, रोजच्या हक्काने.

"रोज संध्याकाळी तू हेच करत होतास?" मी विचारलं.

कबीरने खिशात हात घातला आणि खाद्य बाहेर काढलं. नर त्याच्या तळहातावरून खायला लागला. खाऊन झालं तरी नर तळहात चाटत राहिला, आणि कबीर एकतिशीचा घोडा माझ्यासमोर रडायला लागला.

मी त्याला जवळ घेतलं नाही. मला राग आला होता आणि तो मला ठेवायचा होता.

"उद्या त्यांना काय पाठवू?" त्याने नाक पुसत विचारलं.

"सांग, मिळालं नाही. रिकाम्या हाताने आलो."

"असा एपिसोड कोण बघणार, मावशी?"

"नका बघू म्हणावं," मी म्हणाले. "ट्रेलर कुठे लावलायस ते सांग. याला परत सोडून यायचंय, आणि गाडी मी चालवणार आहे."