सांगून-सवरून पळालेलं लगीन

ऋतुजा लातूरच्या एसटीतून उतरून नांदेडच्या घरी आली, चपला काढल्या आणि पाण्याचा घोटही न घेता म्हणाली, "आई, आम्ही पळून जाऊन लग्न करायचं म्हणतोय."

केवळाबाई मेथी निवडत बसली होती. तिला वाटलं, पोरीला ऊन लागलं. कारण पळून जायला काही कारण तर पाहिजे! नवरदेव रामलिंग लातूरचा, जनावरांचा डॉक्टर, स्वभावानं गरीब गाय. सोयरीक दोन्ही घरांच्या पसंतीची, कुंकू लावून झालेलं, साखरपुड्याचे पेढे वाटून झालेले. अशा नवऱ्यासंगं पळून जायचं म्हणजे आपल्याच घरात चोरी केल्यातली गत.

"मंग पळ की," केवळाबाई म्हणाली. "मला काऊन सांगून राहिलीस? पळणारी माणसं सांगून पळत्यात का?"

"तुम्हाला बरोबर घेऊन पळायचंय."

आता घ्या! केवळाबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग ऋतुजानं सगळं नीट सांगितलं. ती लातूरच्या एका क्लासमध्ये डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे समजावून सांगायची सवय तिला होतीच. हल्ली म्हणे अशी लग्नं करतात. गाजावाजा नाही, मांडव नाही, कुठंतरी लांब जायचं आणि चार माणसांत अक्षता टाकून मोकळं व्हायचं. इंग्रजीत त्याला 'एलोपमेंट' म्हणतात. आणि ह्या दोघांनी जागा शोधली होती ती थेट राजस्थानात, जैसलमेरच्या पुढं. वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान!

"वाळूत काय हाय गं बाई?"

"माळढोक आहे, आई. आपल्या माळावर हिंडायचा म्हणतात पूर्वी. आता तिथं थोडे उरलेत."

दोघंही पाखरांच्या मागं खुळी. त्यांचं जमलंही त्यावरूनच. उद्यानाच्या आत मांडव, माईक, गर्दी असलं काही चालत नाही, म्हणून हद्दीला लागून असलेल्या एका ढाणीवर, म्हणजे तिकडच्या वस्तीवर, लग्न लावायचं आणि मग परवानगी काढून आत पाखरं बघायला जायचं, असा त्यांचा बेत होता. माणसं म्हणजे फक्त दोघांचे आईवडील आणि फोटो काढायला ऋतुजाची मैत्रीण कशिश.

केवळाबाई 'वेडं खूळ' म्हणून उठणारच होती, पण उठता उठता तिनं एक प्रश्न विचारला. "तुझी आत्या येणार का तिथं?"

"नाही."

"आन् तुळस? तुळस आसती का वाळवंटात?"

"तुळस कुठली तिथं? का गं?"

"काई न्हाई," केवळाबाई म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली. पण देठ टोपल्यात आणि पानं कचऱ्यात जायला लागली.

ह्यातली गोम तुम्हाला सांगायलाच पाहिजे. केवळाबाईच्या सासरी रीत अशी, की नवरीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नाही. आईची नजर लागते म्हणे! अंतरपाट धरला, की तिनं मागं जायचं आणि तुळशीला पाणी घालत बसायचं. बाहेर टाळ्या आणि वाजंत्री ऐकू आली, की समजायचं, लागलं लेकीचं लग्न. थोरल्या संजीवनीच्या वेळी केवळाबाई मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, गॅसच्या टाक्या आणि ताटांच्या थप्प्यांमध्ये बसली होती. तेलाच्या डब्यात कुणीतरी तुळस लावून ठेवली होती. केवळाबाई पाणी घालत राहिली, डबा भरून वाहायला लागला, नव्या शालूचा काठ भिजला, तरी बाहेर मंगलाष्टकं आपली चालूच. पुढं व्हिडिओत बघू म्हटलं, तर त्यात सगळ्या पुढाऱ्यांच्या पाठी! संजीवनीच्या मुंडावळ्यांचं एक टोक तेवढं दिसलं. आज संजीवनीला दोन लेकरं आहेत, सुखात आहे पोरगी. पण तिचं लग्न केवळाबाईनं बघितलेलं नाही. आणि आता ही दुसरी, शेवटची. हिचंही हुकलं तर जन्मात पुन्हा बघणं नाही.

हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलायचं तरी कुणाला? आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही होती. रीत मोडली आणि पोरीला काही झालं तर?

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचे वडील शेषेराव भोकरहून आले. गडी मोठा कष्टाळू. शेती तिकडं, पोरींच्या शिक्षणापायी घर नांदेडात, आणि ह्यांचा जन्म मोटारसायकलवर. बरोबर थोरली बहीण चतुराबाई होती. ऋतुजाची ही आत्या म्हणजे त्या घराण्याचं चालतंबोलतं कोर्ट. तिच्यावर अपील नाही.

वाळवंटाचं ऐकून शेषेराव जे उसळले!

"पळून जाती? शेषेरावची पोरगी पळून गेली म्हणतील लोक! मी तोंड कुठं दाखवू?"

"पण दादा, तुम्ही बरोबर असणार," ऋतुजा म्हणाली.

"म्हंजे बाप बी पळाला म्हणतील!"

त्यांचं दुःख वेगळंच होतं. आमच्याकडं लग्नाआधी माईकवरून सत्कार होतात. पाहुणे, पुढारी, भावकी, एकेकाचं नाव पुकारायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. मुहूर्त गेला उडत, नवरा-नवरी घामाघूम, पण सत्कार राहता कामा नये. शेषेरावांनी आयुष्यभर लोकांच्या लग्नात फेटे बांधून घेतले होते. आता परतफेड करायची, नांदेडच्या मोठ्यातल्या मोठ्या कार्यालयात, खणखणीत आवाजाच्या माणसाकडून नावं पुकारून, असं त्यांच्या मनात कधीचं होतं. आणि पोरगी म्हणते माईक नको, पाखरं घाबरतात!

पण बापच तो. पोरीचे डोळे भरलेले बघितले आणि निम्मा विरघळला. जरा वेळ मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बरं, पळायचंच हाय ना? मंग इस्लापूरपर्यंत पळा. सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी लावू लगीन. फोटो बी चांगले येतील. भावकीला बी जवळ पडतंय, टेम्पो करून येतील सगळे."

"पळून जाऊन लग्न, आणि टेम्पोनं भावकी?" ऋतुजानं कपाळाला हात लावला.

"हाव, हे बेस झालं," चतुराबाईनं निकाल दिला. "आन् केवळा, तू घोर करू नको. तुळशीची कुंडी मी टेम्पोत घालून आणते. तू आपली धबधब्याच्या अलीकडं कुठंतरी झाडाखाली पाणी घालत बस."

बस्स. इतका वेळ दाराला टेकून गप उभी असलेली केवळाबाई एकदम बोलली.

"मी न्हाई बसणार."

"काय म्हणलीस?"

"मी तुळशीपाशी न्हाई बसणार, आक्का. मला मपल्या लेकीचं लगीन बघायचंय. एक हुकलं. दुसरं हुकू देणार न्हाई. वाळवंट तर वाळवंट, वाळू खाऊन ऱ्हाईन."

चतुराबाईचा आ वासला. त्या घरात तिला 'न्हाई' म्हणायची टाप आजवर कुणाची नव्हती. पण खरी गंमत पुढंच झाली. शेषेराव बायकोकडं बघत विचारतात काय, "एक हुकलं म्हंजे? संजीवनीच्या अक्षता पडल्या तवा तू नव्हतीस?"

"न्हवते," केवळाबाई म्हणाली. "मागच्या खोलीत हुते. तुमच्या घरची रीत हाय, आन् तुमालाच ठाव न्हाई?"

"मला वाटलं, बायकांत आसशील कुठंतरी."

आता ह्याला काय म्हणावं! रीत त्यांच्या घरची, लेक त्यांची, लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि बायको तिथं होती का नव्हती हे गड्याला माहीतच नाही. रीत पाळायची बायकांनी, पुरुषांना तिची खबरही लागत नाही. केवळाबाईला राग यायला हवा होता. पण नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून रागाच्या जागी रडूच आलं, आणि ती सगळ्यांदेखत पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडली. नऊ वर्षांचं साठलेलं होतं ते.

"आगं, पण नजर लागती आईची," चतुराबाई म्हणाली. आवाज मात्र मघासारखा राहिला नव्हता.

"नऊ महिने पोटात वागवली, तवा न्हाई लागली? गोवरात रात रात तिच्या तोंडाकडं बघत बसले, तवा न्हाई लागली? आन् एवढ्या घटकेत लागती? आक्का, भ्या मला बी वाटतंय. पण न बघता ऱ्हायचं त्याच्यापरीस भ्यालेलं बरं."

चतुराबाई बराच वेळ हातातल्या बांगड्या फिरवत बसली. तिलाही तीन लेकी. तिघींचीही लग्नं तिनं टाळ्यांवरूनच ओळखलेली.

"मला तर कुणी इचारलं बी न्हाई," ती शेवटी म्हणाली, "बघायचंय का म्हणून." आणि पिशवी काखेत मारून देवघराकडं गेली. कोर्टानं निकाल फिरवला नाही, पण खटला काढून टाकला.

शेषेराव उठून अंगणात गेले. तिथं नळ उगाच सोडला, उगाच बंद केला. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लालच होते.

"ते वाळवंट कुठंशी हाय म्हणलीस?" त्यांनी ऋतुजाला विचारलं.

"जैसलमेरच्या पुढं, दादा."

"तिथं माईक चालतच न्हाई?"

"नाही, दादा."

"बरं. माईक आपण परत आल्यावर, भोकरला, जेवणात. तवा मातर मला कुणी आडवायचं न्हाई."

"तवा दिवसभर पुकारा," केवळाबाई नाक पुसत म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. सुटले गं बाई! डोईवरचा चाऱ्याचा भारा बांधावर टाकला की मान कशी हलकी लागते, तसं तिला झालं. त्या दिवशी मेथीत मीठ दोनदा पडलं, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

लातूरला रामलिंगच्या घरी बोलायला गेले, तेव्हा केवळाबाईला पुन्हा घोर लागला. ते लोक नाही म्हणाले तर? पण झालं भलतंच. रामलिंगची आई चहाचा ट्रे ठेवून खालीच बसली आणि म्हणाली, "इहीणबाई, आमच्यात नवरदेवाच्या आईला वरातीत नेत न्हाईत. घर राखायला ठेवत्यात. थोरल्याच्या येळी मी कुलपासारखी दाराला लटकून बसले हुते. ह्या वाळवंटाची कल्पना ज्याची आसंल त्याच्या तोंडात साखर पडो. मपलं तिकीट आधी काढा." रामलिंग बिचारा लाजून खिडकीबाहेर बघत राहिला. कल्पना त्याचीच होती, आणि ती फक्त माळढोकासाठी होती.

भोकरला कुणी खवचटपणे विचारलंच, तर शेषेराव छाती काढून सांगायचे, "हाव, पोरगी पळून चालली. आन् मी तिला पोचवायला चाललो!" ह्यावर कोण काय बोलणार? लोक हसायचे आणि गप बसायचे.

आणि एकदाचे पोचले. ढाणीच्या पुढं तारेचं कुंपण, पलीकडं उद्यान. वाळू म्हणावी तशी वाळू नव्हती, बुटक्या गवताचा माळच होता, आपल्याकडच्यासारखा, फक्त त्याला शेवट दिसत नव्हता. शेषेराव कुंपणापाशी उभं राहून म्हणाले, "एवढी जागा! आन् एक सोयाबीन न्हाई!"

सकाळी, ऊन तापायच्या आत, ढाणीच्या अंगणात पाट मांडले. भटजी नव्हता. मंगलाष्टकं रामलिंगची आईच म्हणणार होती, तिचा गळा गोड. अंतरपाट म्हणून शाल, आणि ती धरायला दोघांचे बाप. मामांचा मान बापांनी घेतला, पण तिथं रुसायला मामा होतेच कुठं? वारा असा, की शाल धरता धरता दोघांची तारांबळ. कशिश कॅमेरा घेऊन हसत होती. केवळाबाईच्या मुठीत हळदीकुंकवाच्या अक्षता होत्या.

रामलिंगच्या आईनं डोळे मिटून सूर लावला. आणि पहिलं कडवं सुरू झालं मात्र, केवळाबाईचे पाय आपोआप मागं वळले. तिनं ठरवून केलं नव्हतं. इतक्या लांब आली, एवढी भांडून आली, आणि ऐन वेळी अंगात भरलेलं भय वर आलं. ती ढाणीच्या कुडाकडं तोंड करून उभी राहिली, डोळे गच्च मिटून. कानावर मंगलाष्टकं पडत होती, आणि ती मनाशी म्हणत होती, नको, नको, पोरगी सुखात राहू दे, मी नाही बघत.

"थांबा जरा, इहीणबाई," शेषेरावांचा आवाज आला.

मंगलाष्टक मधेच तुटलं. हातातली शाल सोडता येत नव्हती, म्हणून शेषेराव जागेवरूनच बोलले.

"केवळा. आगं ए. इकडं बघ. तू बघितल्याबिगर मी ही शाल खाली घेणार न्हाई. दिवस मावळला तरी हितंच उभा ऱ्हाईन."

ऋतुजा शालीमागं उभी राहून ऐकत होती. केवळाबाईनं डोळे पुसले. मग वळली. हळूच, पाय उचलून पाटापर्यंत आली, आणि रामलिंगच्या आईकडं बघून मान हलवली.

मंगलाष्टकं पुरी झाली. शाल खाली आली.

ऋतुजानं मान वर केली. केसांत वाळू, नाकाच्या शेंड्यावर घाम, मुंडावळ्या वाऱ्यानं कानामागं गेलेल्या, आणि समोर रामलिंगकडं बघून ती अशी हसली, की तशी हसताना केवळाबाईनं तिला कधी बघितलंच नव्हतं. ते हसू आईसाठी नव्हतंच मुळी. पण ते बघायला आई तिथं होती. रामलिंगच्या आईनं अक्षता टाकल्या, बापांनी टाकल्या, कशिशनंही टाकल्या. केवळाबाईची मूठ मात्र तशीच मिटलेली.

"आई, टाक की अक्षता," ऋतुजा म्हणाली.

"थांब गं," केवळाबाई म्हणाली. "आदी बघू दे."