शून्य यार्ड

अमेरिकन फुटबॉलमध्ये फुलबॅकचं नाव मैदानातल्या भोंग्यावरून ऐकू येतं ते फक्त चूक झाली तर. त्याने कुणाला मागून धरलं, पंचाने पिवळा रुमाल टाकला, की नंबर, नाव आणि शिक्षा सगळ्या गावाला कळते. एरवी तो बिचारा समोरच्यांच्या अंगावर धडकून वाट करून देतो आणि त्याच्या मागून चेंडू घेऊन पळणारा पोरगा टीव्हीवर दिसतो. व्हर्नन टिल्मनने हे काम अकरा वर्षं केलं. त्याची मान आता धड वळत नव्हती. गाडी मागे घ्यायची तर तो नुसत्या आरशावर भरवसा ठेवायचा.

त्याची आई अर्नेस्टीन अलाबामात राहायची आणि दर डिसेंबरला, थंडीला शिव्या घालत, बसने ओहायोत त्याच्याकडे यायची. बाई फुटबॉल कोळून प्यायलेली. भाऊ खेळले, नवरा खेळला, मुलगा खेळत होता; तिच्यासमोर कुणी खेळातलं शहाणपण शिकवायला गेला तर त्याची धडगत नसे.

"अकरा वर्षं झाली," त्या रविवारी न्याहारीला ती म्हणाली, "त्या भोंग्यातून तुझं नाव आलं की मी डोळे मिटून घेते. आता काय केलं माझ्या कार्ट्यानं! अरे, एकदा तरी चांगल्यासाठी घेऊ दे की कुणीतरी ते नाव."

"फुलबॅकचं नाव चांगल्यासाठी घेत नाहीत, ममा."

"मग चेंडू माग."

"मागून मिळत नाही तो."

"तोंड उघडून बघितलंस कधी?"

कधीच बघितलं नव्हतं. चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण; अकरा वर्षांत असं एकही टचडाउन त्याच्या नावावर नव्हतं, आणि आजचा सामना शेवटचा होता. हे त्याने आईला सांगितलेलं नव्हतं.

त्याला स्वतःलाही गुरुवारीच कळलं होतं. तो बर्फाच्या टबात छातीपर्यंत बुडून बसला होता, तेव्हा कोच ब्रॅनिगन आला आणि उलट्या बादलीवर बसला. ब्रॅनिगन हा पळणाऱ्यांचा कोच. व्हर्ननला त्यानेच घडवलं होतं.

"पुढच्या वर्षी फुलबॅक ठेवत नाहीयेत," तो म्हणाला. "वरच्यांना चेंडू हवेतून फेकायचाय. सगळी पोरं लांब लांब उभी करायची आणि फेकायचा."

"माझं काही चुकलं का, कोच?"

"तुझं काही नाही रे. ते कामच गेलं." ब्रॅनिगन नळाकडे बघत राहिला. "रविवारी गोलरेषेजवळ पोचलो, तर एक चाल तुझ्यासाठी ठेवलीय. चेंडू तुझ्या हातात."

व्हर्ननला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. फुलबॅकच्या हातात चेंडू देतात तो निरोपाचा नारळ असतो, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. पण नारळ तर नारळ. टचडाउन झालं की भोंगेवाल्याला नाव घ्यावंच लागतं, आणि आई तिथे बसलेली असणार होती.

ती वेळ आली सामन्याच्या अगदी शेवटी. संघ चार गुणांनी मागे, चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर, आणि चार संधींपैकी ही तिसरी. सगळे खांद्याला खांदे लावून गोल करून उभे राहिले, चाल सांगितली गेली, तशी जमारी दात काढून हसला. जमारी म्हणजे तो टीव्हीवर दिसणारा पोरगा. तीन वर्षं व्हर्ननच्या पाठीमागून पळत होता.

"काका, आज तुमची चैन आहे! आणि तो चेंडू माझ्यासारखा लोकांत भिरकावू नका हां. ममाला द्या."

"आधी पोचू तर दे."

चेंडू सुटला. जमारी रिकामे हात पोटाशी धरून उजवीकडे असा काही पळाला, की समोरचे सगळे त्याच्यामागे धावले. खरा चेंडू व्हर्ननच्या पोटात येऊन बसला. डावीकडे त्याच्या गड्यांनी इतकी रुंद वाट उघडली होती, की भाजीची हातगाडीसुद्धा आरामात गेली असती.

उजवीकडे मात्र एक माणूस फसला नव्हता. समोरच्या संघाचा पंचावन्न नंबरचा कोव्हालिक. व्हर्नन आणि तो नऊ वर्षं दर हंगामात दोनदा एकमेकांवर आदळत आले होते. कोव्हालिक एकटा, मोकळा उभा होता. त्याला कुणी अडवलेलं नव्हतं.

व्हर्ननचे पाय तिकडे वळले. खांदा खाली गेला. आणि त्याने कोव्हालिकला असा काही हाणला, की दोघंही आडवे झाले. नमुन्यादाखल पोरांना दाखवावी अशी धडक होती ती. फक्त मागून पळत येणारं कुणी नव्हतं. चेंडू व्हर्ननच्याच पोटाशी होता, आणि गोलरेषा अजून यार्डभर पुढे.

"लेका," खाली दबलेला कोव्हालिक धापा टाकत म्हणाला, "तिकडे दार सताड उघडं होतं की! माझ्याकडे कशाला तडमडलास?"

व्हर्ननने मान उचलून डावीकडे पाहिलं. वाट अजून तशीच मोकळी होती. आता ती दिसली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भोंगा खरखरला. "चेंडू पुढे नेला, व्हर्नन टिल्मन. शून्य यार्ड."

सगळं मैदान कण्हलं. पाठोपाठ वरच्या रांगांमधून टाळ्या ऐकू आल्या, एकाच माणसाच्या, हातमोजे घातलेल्या, थबथब. जांभळी टोपी घातलेली एक बाई एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि आजूबाजूचे लोक तिच्याकडे वळून बघत होते. ती टोपी व्हर्ननने ओळखली.

चौथ्या संधीला बाहेरून जुनी चाल आली. पुढे व्हर्नन, मागे जमारी.

"काका, मी सांगतो त्यांना, पुन्हा तुम्हीच..."

"गप. माझ्या पाठीला चिकटून ये."

त्याने कोव्हालिकला पुन्हा गाठलं आणि जमीन दाखवली. जमारी चेंडूसकट त्याच्या पाठीवरून गोलरेषेच्या आत पडला. भोंगेवाल्याने जमारीचं नाव लांबवून लांबवून घेतलं. जमारीने सवयीने चेंडू लोकांत भिरकावला, आणि लगेच दोन्ही हात डोक्याला लावले.

"अयाई! काका, तो तुम्हाला द्यायचा होता हो! हातातून सुटलाच."

व्हर्ननला हसू आलं. हसताना बरगड्या दुखल्या.

आंघोळ करून तो बाहेर आला तेव्हा आई त्याच्या गाडीत हीटर लावून बसली होती. मांडीवर चांदीच्या कागदातली तळलेली कोंबडी.

"नाव नीट घेतलं हं त्यानं," ती म्हणाली. "टिल्मन. स्पष्ट ऐकू आलं."

"शून्य यार्डही स्पष्ट ऐकू आलं असेल."

"ते जाऊ दे. पुढच्या वर्षी परत माग चेंडू."

"पुढच्या वर्षी बसचं तिकीट काढू नकोस, ममा. संपलं. गुरुवारीच सांगितलं त्यांनी."

तिचा हात कागदावर थांबला. काचेबाहेर गाड्या एकेक करून निघून चालल्या होत्या.

"म्हणजे ते एकदाच होतं?"

"एकदाच."

"अरे, मग डावीकडं एवढी वाट! माझे गुडघे असे, तरी मी चालत गेले असते. सकाळपासून काय सांगत होते मी तुला?"

"कोव्हालिक मोकळा उभा होता, ममा."

"होता, मान्य. मी बघितलं. पण बाळा, चेंडू तुझ्याकडं होता ना?"

व्हर्ननने गाडी सुरू केली. मान वळत नव्हती म्हणून आरशात बघून त्याने ती हळूहळू मागे घेतली.

"ते लक्षातच राहिलं नाही," तो म्हणाला.