अळंब्यांची जागा

ब्लाझेनाने सुपाच्या पातेल्यावर झाकण आपटलं. दुपार कलायला आली तरी पातेलं काठोकाठ भरलेलंच होतं.

"आजही कोणी नाही?" वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तिच्या नवऱ्याने, ओताकारने विचारलं.

"येणार कसे? तुझ्या त्या दलदलीत रुतून बसले असतील."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाटसरूंना सूप आणि गोड पाव विकायचा, हा ब्लाझेनाचा धंदा. ओताकारचं काम म्हणजे भटक्यांच्या मंडळासाठी झाडांवर पांढरी-तांबडी-पांढरी पट्टी रंगवून पायवाट दाखवायची, तेही फुकट. किडीने वरचं जंगल खाल्लं, झाडं तोडावी लागली, म्हणून यंदा स्टेशनपासून गावापर्यंत नवी वाट आखायची होती. आणि या शहाण्याने ती आखली कुठून? तर सरळसोट ओकच्या जंगलाला वळसा घालून, दलदलीतून. पाहुणे चिखलात माखून यायचे, खिडकीसमोर बूट उलटे करून पाणी काढायचे आणि वर तिलाच चार गोष्टी सुनवायचे. पुढे पुढे तेही येईनासे झाले. खिडकी बंद पडली, की ब्रनो शहरात नणंदेकडे राहून कुठल्या तरी दुकानात उभं राहायचं, एवढंच तिच्या नशिबी उरलं होतं.

"ओकच्या जंगलातून का नाही नेलीस वाट?" तिने शंभराव्यांदा विचारलं.

"तिथे चढ आहे."

"कसला चढ?"

"आहे चढ," म्हणत त्याने पान उलटलं.

तिने हात टेकले. दुसऱ्या दिवशी तो दात दाखवायला तालुक्याला गेला, तशी तिने शेडमधून रंगाचा डबा आणि ब्रश उचलला आणि तरातरा ओकच्या जंगलात शिरली. चढ कसला नि काय! जमीन परातीसारखी सपाट होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच जाड ओकासमोर ती थांबली, डब्याचं झाकण उघडायला खाली वाकली आणि तशीच राहिली.

बुंध्याभोवती, शेवाळात, पार ओढ्यापर्यंत अळंबीच अळंबी. तपकिरी, गुबगुबीत, एकालाही कीड नाही. दर उन्हाळ्यात ओताकार टोपली भरून आणायचा ती हीच. अळंब्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण बायकोलाही नाही? आणि त्यापायी बायकोचा धंदा बुडवायचा?

मागून धापा टाकत ओताकार आला; तालुक्याची बस चुकली म्हणून तो घरी परतला होता. शेडमध्ये डबा दिसला नाही, तेव्हाच तो काय ते समजला होता.

"ब्लाझेना, तो ब्रश खाली ठेव."

"तीस वर्षं संसार केला तुझ्याबरोबर. तीस वर्षं मी ही अळंबी साफ केली, वाळवली. आणि जागा मला सांगितली नाहीस?"

"माझी नाहीच ही जागा," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या बाबांची. जायच्या आधी त्यांनी मला आणून दाखवली."

"तुला? मी त्यांची एकुलती एक मुलगी!"

"शपथ घातली त्यांनी. म्हणाले, ब्लाझेनाला सांगू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

आजारपणात वर्षभर तिने बाबांचं सगळं केलं होतं. भरवलं, उठवलं, रात्री जागवल्या. आणि त्यांनी विश्वास टाकला तो या माणसावर, ज्याला स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नाहीत. तिने ब्रश तांबड्या रंगात बुडवला. एक पट्टी ओढली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल. बाबा म्हणायचे तस्संच होईल. ब्रशावरून रंग शेवाळावर ठिबकला.

मग तिने ब्रश डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

"रविवारच्या आत दलदलीवर फळ्या पाहिजेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाही पडल्या, तर हाच ओक मी पहिला रंगवीन."

"टाकतो," ओताकार म्हणाला.

एप्रन भरून अळंबी घेऊन ती घरी आली, तेव्हा शेजारीण मिलुशे कुंपणावर कोपरं टेकून उभीच होती.

"अगं बाई, एवढी! कुठे मिळाली गं?"

ब्लाझेनाची जीभ शिवशिवली. जन्मभर तिने आधी सांगितलं होतं आणि मग विचार केला होता. मागे शेडच्या दारात फळ्या काढणारा ओताकार जागच्या जागी थिजला.

"जंगलात," ती म्हणाली.

"ते कळतंय मला. जंगलात कुठे?"

"अगं, जंगलात म्हणजे जंगलात."

मिलुशे नाक मुरडून आत गेली. ब्लाझेनाही घरात आली, खिडकी लावून घेतली आणि अळंबी चिरायला बसली. बाबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं आणि चिरता चिरता ती रडायला लागली.