उपासातलं झुरेक

“चमचा घे आणि चाख,” गेनोवेफा म्हणाली.

दुआर्त सासूबाईंकडे बघतच राहिला. एकोणीस वर्षं तो या घरचा जावई. ईस्टरच्या आदल्या शनिवारी याच पातेल्यात चमचा बुडवला म्हणून तिने त्याचा हात कितीदा झटकला, त्याला गणती नव्हती. शनिवार म्हणजे कडक उपास. झुरेकचं आंबट सूप आज शिजायचं ते उद्यासाठी. करणारीनेही ते जिभेला लावायचं नाही, नाकाने ओळखायचं. गेनोवेफाने पोलंडमधल्या वूच शहरातल्या एका स्वस्त खानावळीत चौतीस वर्षं शेकडो पोटं भरली होती, आणि तिच्या झुरेकवर वरून मीठ घेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

“आई, आज उपास ना?”

“माझा. तुझा कधीपासून सुरू झाला? चर्चमध्ये तू जातोस ते फक्त कुणाच्या बारशाला. चाख म्हणते ना.”

दुआर्तने चाखलं आणि गप्प झाला. जावई तसा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. पोर्तुगालहून आला त्या वर्षीच म्हणाला होता, “तुमच्याकडे कोबी आंबट, काकडी आंबट, सूपसुद्धा आंबट. बायको तेवढी गोड निघाली म्हणून राहिलो.” त्यावर गेनोवेफानेही सुनावलं होतं, “आणि तुम्ही खारवलेला मासा दोन दिवस भिजवून खाता, ते काय अमृत?” पण आता सगळं उलटं झालं होतं. तिकडून त्याचा भाऊ आला आणि हॉटेलातलं खाऊन नाक मुरडायला लागला, तर हाच त्याच्यावर उखडला. “पावाच्या वाडग्यात झुरेक देतात ते नाटक, पर्यटकांसाठी. इथलं जेवण रंगाने भुलवत नाही. पाच दिवस वाट बघायला लावतं. ते कळायला कुणाच्या तरी आईच्या हातचं खावं लागतं.” गेनोवेफाने हे दाराआडून ऐकलं होतं, लेकीकडून अर्थ समजून घेतला होता आणि त्या दिवशी तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

“बोल की. एरवी तुझ्या जिभेला हाड नसतं.”

“खरं सांगू?”

“खोटं ऐकायला विचारलं का?”

“आंबवणात लसूणच नाहीये, आई. आणि मीठ दोनदा पडलंय.”

गेनोवेफा स्टुलावर बसली. पाच दिवस ती राय धान्याच्या पिठाच्या आंबवणाची बरणी ढवळत होती, सवयीने रोज तिचा वास घेऊन बघत होती. येत काहीच नव्हतं. डिसेंबरातल्या तापाने वास नेला, चवही नेली. पोटच्या पोरीलाही तिने हे सांगितलं नव्हतं. आणि उद्या जेवायला लुत्सिना येणार होती, तिची नणंद, चवीला चोखंदळ आणि टोमण्याला तयार.

“कधीपासून?” दुआर्तने हळूच विचारलं.

“नाताळाच्या आधीपासून. डोरोटाला कळता कामा नये.”

त्याने बायकोला न सांगण्याचं कबूल केलं आणि लसूण सोलायला घेतला. मग ती सांगत गेली आणि तो चाखत गेला. बिनमिठाचं पाणी वाढवलं, उरलेलं आंबवण ओतलं, पुन्हा चाखलं.

“मार्जोरमची वाळकी पानं तळहातावर चोळून टाक,” ती म्हणाली. “पुडीतून सरळ ओततोस, हॉटेलवाला आहेस काय?”

रविवारी सकाळी सगळे टेबलाभोवती बसले. लुत्सिनाने पहिला चमचा तोंडात घेतला. गेनोवेफाचा जीव टांगणीला लागला. लुत्सिनाची बशी रिकामी झाली तरी मिठाच्या डबीला कुणी हात लावला नाही.

“वहिनी, हात तोच आहे गं तुझा,” लुत्सिना म्हणाली. “या वयातही आम्हाला लाजवतेस.”

इथे नुसतं हसलं असतं तरी भागलं असतं. दुआर्त मान खाली घालून जेवत होता. तो मरेपर्यंत बोलला नसता. पण दुसऱ्याचं श्रेय गेनोवेफाने जन्मात कधी घेतलं नव्हतं.

“हात माझा, जीभ याची,” ती म्हणाली. “मला डिसेंबरपासून वास येत नाही, चव कळत नाही. हे झुरेक माझ्या जावयाने सावरलंय.”

डोरोटाचा चमचा हवेतच राहिला. लुत्सिनाने त्या पोर्तुगीजाकडे निरखून पाहिलं आणि रिकामी बशी त्याच्यापुढे धरली.

“मग जावईबापू, आता तुम्हीच वाढा.”

दुआर्त उठला. पण पहिली पळी त्याने गेनोवेफाच्या बशीत घातली. बशी गरम होती, तेवढंच तिला कळलं. भोवती सगळे मिटक्या मारत होते. त्यांच्या तोंडांकडे बघत, ताठ बसून, तिने शेवटचा थेंबही पावाने पुसून खाल्ला.