राहुरीची बाई

राजेश्वरीचं म्हणणं एकच होतं: नवऱ्यानं राहुरीत दुसरं घर थाटलंय. नवरा, काकासाहेब, टेम्पो घेऊन जायचा, दोन-दोन रात्री यायचा नाही. तिनं विचारलं की उखडायचा. ती जेवेना, झोपेना, तेव्हा नेवाशाजवळच्या वस्तीवरनं त्यानं तिला थेट मनोरुग्णालयात नेलं.

"सारखा संशय घेती, सायेब. माझा मोबाईल तपासती," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तिला विचारलं, तशी ती रडत ओरडली, "खरं हाय ते!"

संशयाचा आजार ठरला. ती खरं हाय म्हणेल तसा औषधाचा डोस वाढत गेला. जीभ जड झाली, हात थरथरू लागले. वर्ष उलटता उलटता तीच म्हणाली, "माझा भ्रम हुता." आता आजाराची जाण आली म्हणून तिला घरी सोडलं. आणि तोवर तिला ते मनापासून पटलंही होतं.

एका दुपारी ती बाजरी निवडत होती. ओट्याशी एक बाई आली, कडेवर पोरगी.

"काकासाहेब हितंच ऱ्हात्यात ना? राहुरीहून आले. फोन उचलत न्हाईत. पोरगी त्यांची लई आजारी हाय."

आजार उलटला, आता भास होऊ लागले, असं वाटून राजेश्वरी शेजारच्या बनुबाईंकडं धावली.

"मावशी, माझ्या ओट्यावर कुनी हाय का, बघा."

"हाय की. बाई हाय, पोरगी हाय."

"पोरगी कुनासारखी दिसती?"

बनुबाईंनी ओट्याकडं पुन्हा निरखून बघितलं. "काकासाहेबासारखी," त्या हळूच म्हणाल्या.

आधी पोरीला दवाखान्यात दाखवलं. ती बरी झाल्यावर राजेश्वरी त्या बाईला घेऊन मनोरुग्णालयात गेली आणि तिला डॉक्टरांसमोर उभं केलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तेव्हा तुमची लक्षणं तशीच होती," ते म्हणाले.

"माझी लक्षणं बघितली. राहुरीला कुनाला इचारलं का?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "तुम्ही खरं बोलत होतात. गोळ्या एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू."

बाहेर आल्यावर राजेश्वरीला ना राग आला, ना रडू. खरं असूनही आपण आणखी काय काय खोटं म्हणून कबूल केलं, ते ती आठवू लागली. आठवेना, कुठलं खरं नि कुठलं खोटं तेच कळेना, तशी ती फाटकाजवळ खाली बसली.