उपासाला चालणारी खिचडी

कल्पना करा, तुमच्या मांडीवर स्टीलचा एक डबा आहे. टॉवेलात गुंडाळलेला, तरी मांडीला चटका बसतोय. शेजारी आई गाडी चालवते आहे. डब्यातून जिऱ्याचा आणि दाण्याच्या कुटाचा वास येतोय. तुम्हाला भूक लागली आहे, पण झाकण उघडायचं नाही, कारण डबा ताईचा आहे. आणि ताई तो खाणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

जमलं? मग तुम्ही आता अनया झालात.

अनया जर्सी सिटीत राहते. तिची ताई इशिता तिथून तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत शिकते. मोठ्या युनिव्हर्सिटीकडे साठवलेला पैसा असतो आणि तो निरनिराळ्या कंपन्यांत गुंतवलेला असतो. त्यांतली एक कंपनी तुरुंग चालवायची. तिथं मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायचे. ‘आमच्या युनिव्हर्सिटीचा पैसा तिथून काढून घ्या,’ असं इशिता आणि तिचे मित्र वर्षभर सांगत होते. सह्या झाल्या, पत्रं झाली, मीटिंगा झाल्या. युनिव्हर्सिटीच्या ट्रस्टींचं उत्तर दर वेळी तेच: विचार करू. शेवटी इशितासह काही जण ऑफिससमोरच्या हिरवळीवर बसले आणि त्यांनी जेवण सोडलं. नुसतं पाणी आणि चिमूटभर मीठ.

आईचं म्हणणं साधं होतं. उपास तीही करते, पण साबुदाणा चालतो की! म्हणून ती ऑफिसमधून आली की खिचडी करायची, घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. त्या दिवशी दोघींना सुट्टी होती, म्हणून अनयाही बरोबर निघाली.

हिरवळीवर कोणी घोषणा देत नव्हतं. पोस्टरं दवानं भिजून वाकली होती. मुलं ब्लँकेटं पांघरून पडली होती. इशिताचा मित्र कुश तेवढा उठून बसला.

“काकू, परत खिचडी? हा टॉर्चर आहे हां. नुसत्या वासानं माझा स्ट्राइक मोडेल.”

“मोड की रे! उपासाला चालते.”

“आई, प्लीज,” इशिता पडल्या पडल्या म्हणाली. तिचे ओठ फुटले होते. “हा देवाचा उपास नाहीये.”

“तेच म्हणते मी. देव निदान ऐकतो तरी. तुझे ते ट्रस्टी?”

तेवढ्यात कुशचा फोन वाजला. त्यानं मेसेज वाचला आणि फोन गवतावर उपडा ठेवला. “ट्रस्टींची मीटिंग संपली. नेक्स्ट सेमिस्टरला बघू म्हणतायत.”

पलीकडच्या एका मुलीनं ब्लँकेट तोंडावर ओढून घेतलं.

“झालं ना?” आई हळूच म्हणाली. “आता तरी खा गं.”

“आता तर नाहीच.”

आई झाकणाशी झटत होती. हातांत जोरच नव्हता, झाकण निघत नव्हतं. ते बघून अनयाला राहवलं नाही. “ताई, मॉम डझन्ट ईट आयदर.”

इशिता कोपरावर उठली. “आई? खरं?”

“छे, मी ऑफिसात खाते.”

“लाय! खोटं!” अनया म्हणाली. “तुझा लंचबॉक्स रोज फुल परत येतो. मी बघते.”

“दॅट्स ब्लॅकमेल, आई,” इशिता म्हणाली.

“ब्लॅकमेल कसलं? घास उतरत नाही, त्याला मी काय करू?”

“तू खा. माझ्यासाठी.”

“तू खा, मग मी खाते.”

“मी नाही खाणार.”

“मग मीही नाही.”

भांडायलाही अंगात त्राण लागतं. ते दोघींच्यात उरलं नव्हतं.

आता तुम्ही अनया आहात, विसरू नका. डबा कोणाकडे सरकवाल? घाई नको. नीट विचार करा, मग पुढचं वाचा.

अनयानं डबा आईच्या हातातून घेतला आणि गुडघ्यांत धरून झाकण ओढलं. खिचडीचा गोळा झाला होता. तिनं चमच्यानं तो मोकळा केला. मग ताईला अन्न दिसू नये म्हणून ती तिच्याकडे पाठ करून बसली आणि चमचा आईच्या तोंडाशी नेला.

“उपासाला चालते,” ती म्हणाली, आणि आईनं तोंड उघडेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.